निळं जस्त

ममतानं चौदाव्यांदा काचेचं भांडं भामरे सरांच्या टेबलावर आणून ठेवलं. भांड्याच्या तळाशी चिमूटभर स्फटिक बसले होते आणि ते मिठासारखे पांढरे होते. ते निळे असायला हवे होते.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, भांडं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, हलवून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"हात शुद्ध नाहीत तुझे," ते म्हणाले. "पुन्हा कर."

पलीकडच्या टेबलाशी एम.एस्सी.ची चार मुलं उभी होती. त्यांनी ते ऐकलं. ममता "हो सर" म्हणाली, भांडं उचलून बेसिनकडं गेली आणि बराच वेळ नळाखाली ते धूत राहिली.

डॉ. हिलाल भाईदास भामरे जळगावच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं अकार्बनी रसायनशास्त्र शिकवत होते. मुलं त्यांना मागून 'झिंक सर' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं, आवडायचंही. त्यांचं नाव झालं होतं ते जस्तावरच. साक्री तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून आलेला हा मुलगा धुळ्याला एका खोलीत तिघांबरोबर राहून एम.एस्सी. झाला आणि मग तिथल्याच कॉलेजात पीएचडीला बसला. पाच वर्षं त्यानं एक सेंद्रिय रेणू घेऊन त्याच्या मधोमध वेगवेगळे धातू बसवून पाहिले. तो रेणू खेकड्यासारखा. दोन नांग्या पसरून धातूला मधे घट्ट धरायचा. कोबाल्ट झालं, निकेल झालं, आणि मग जस्त. जस्ताची अशी संयुगं बिनरंगी असतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. पण हिलालच्या हातून निघालं ते निळसर हिरवं, मोराच्या मानेसारखं. वर ते टायफॉइडचे जंतू मारत होतं.

गाइड सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "जस्त आणि रंग? कसं काय?" हिलालनं फळ्यावर उत्तर लिहिलं. इलेक्ट्रॉन धातूत नाही, भोवतीच्या रेणूत हलतात, म्हणून रंग. उत्तर पटण्यासारखं होतं. डिग्री मिळाली, त्याच वर्षी जळगावला नोकरी लागली, पिंप्राळ्यात घर झालं. पुढचे तीन निबंध त्या निळ्या जस्तावर उभे राहिले. त्या तीन निबंधांवर गाइडशिप मिळाली. आणि आता, छप्पन्नाव्या वर्षी, असोसिएट प्रोफेसरचा प्रोफेसर होण्यासाठी फाइल गेली होती. मुलाखत अठरा तारखेला होती. फाइलच्या पहिल्या पानावर सर्वांत महत्त्वाचं संशोधन म्हणून तेच निळं जस्त होतं.

ममता पावरा त्यांच्याकडं पीएचडीला आली दोन वर्षांपूर्वी. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीतली. फेलोशिप स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली. तिनं करायचं होतं ते सोपं होतं. सरांचं जुनं संयुग पुन्हा बनवायचं, आधुनिक यंत्रांवर तपासायचं आणि मग पुढं जायचं. पण पुढं जायचं तर पहिली पायरी चढायला हवी, आणि ती पायरी चौदा वेळा पायाखालून निसटली होती.

चौदाव्या भांड्यानंतर तीन दिवस ममता आली नाही. चौथ्या दिवशी तिच्याऐवजी तिचे वडील आले.

खाज्या पावरा डिपार्टमेंटच्या दाराशी चपला काढून उभे होते. शिपाई म्हणाला, "चपला घालून या, इथं चालतं." तरी त्यांनी घातल्या नाहीत. हातात एक दुमडलेला कागद होता. सरांनी खुर्ची दिली, ते टोकावर बसले आणि कागद पुढं केला. ममताचाच अर्ज होता. घरगुती कारणामुळे संशोधन सोडत आहे, फेलोशिप बंद करावी.

"हे काय भाऊ? असं अचानक?"

"सर, पोरगी काही सांगत नाही. रडते फक्त. तिच्या आईनं विचारलं तेव्हा एवढंच बोलली." खाज्या जमिनीकडं पाहत होते. "सर म्हणाले, हात शुद्ध नाहीत तुझे."

"अहो, ते म्हणजे..." सरांनी बोलायला सुरुवात केली आणि थांबले.

"आमच्या घरचे हात कसे आहेत ते आम्हाला माहीत आहे, सर. शेण काढतो, मोहाची फुलं वेचतो, केळीच्या बागेत खत टाकतो. पण तुमच्याकडं येताना ती धुऊन येत होती. तिची आई म्हणाली, इतकं शिकूनही तेच ऐकायचं असेल तर घरी ये."

सरांना तसं म्हणायचं नव्हतं. रसायनशास्त्रात 'हात शुद्ध' म्हणजे कामातली स्वच्छता, भांडी, पाणी, मापं. हे त्यांनी समजावून सांगितलं, भराभर, गरजेपेक्षा जास्त शब्दांत. खाज्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. पण कागद परत घेतला नाही.

"मग सर, चूक काय झाली तिची? तेवढं सांगा. मी घरी जाऊन सांगतो."

त्याच क्षणी सरांना दोन हजार एक साल आठवलं.

ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. नोकरी लागल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांनी जळगावच्या लॅबमध्ये ते संयुग स्वतः पुन्हा बनवायला घेतलं होतं, आणि पांढरं निघालं होतं. एकदाच. रसायन जुनं असेल म्हणून त्यांनी ते ओतून दिलं आणि पुन्हा कधी केलं नाही. पुढच्या निबंधांसाठी धुळ्याहून आणलेली निळ्या पुडीची बाटली पुरली होती.

"भाऊ," ते म्हणाले, "हा अर्ज मी पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये ठेवतो. पुढं पाठवत नाही. आता मी माझ्या हातानं करून बघतो. माझ्याही हातून पांढरंच निघालं, तर चूक तिची नाही. मग मी स्वतः तुमच्या घरी येऊन तसं सांगेन."

खाज्या उठले. दाराशी चपला घालता घालता म्हणाले, "पंधरा दिवस ठीक आहे सर. पण तिला इकडं पाठवणार नाही तोवर."

दुसऱ्या दिवसापासून भामरे सर लेक्चर संपलं की अंगात अॅप्रन चढवून लॅबमध्ये उभे राहू लागले. शिपायापासून एचओडींपर्यंत सगळ्यांना नवल वाटलं. दहा वर्षांत कुणी त्यांना भांडी धुताना पाहिलं नव्हतं. भांडी त्यांनी आम्लात बुडवून ठेवली, प्रत्येक रसायनाची नवी बाटली फोडली. थिसिसमधली कृती शब्दाला शब्द पाळली. दोन लिटर ऊर्ध्वपातित पाणी, त्यात जस्ताचा क्षार, मग रेणू, मग मंद आचेवर तीन दिवस आटवत आटवत पेलाभर उरेपर्यंत. चौथ्या दिवशी स्फटिक आले.

पांढरे.

पुन्हा केलं. पांढरे. मुलाखत सहा दिवसांवर आली होती. रात्रीचं जेवण ते अर्ध्यावर सोडून उठत. बायको, दिपमाला, विचारत राहिली आणि ते "काही नाही, मुलाखतीचं टेन्शन" म्हणत राहिले. मनात सारखा एकच हिशेब चालला होता. रसायन तेच, मापं तीच, हातही तेच. मग जळगावात नाही आणि धुळ्यात होतं असं काय?

रविवारी सकाळी ते एसटीनं धुळ्याला गेले. गाइड सर जाऊन तेरा वर्षं झाली होती. पण त्या लॅबचा जुना अटेंडंट, झुलाल नाना, देवपुरात मुलाकडं राहत होता. ऐंशी पार केलेला म्हातारा ओट्यावर उन्हाला बसला होता.

"कोन शे?"

"मी हिलाल शे, नाना. भामरे," सर गावाकडच्या बोलीतच म्हणाले.

"अरे, हिलाल! ये, बस. घरमा बठ्ठा बरा शेतस ना?"

चहा झाला, विचारपूस झाली. सरांचा जीव कुठं थाऱ्यावर होता! त्यांनी एकेक गोष्ट विचारायला घेतली. जस्ताचा क्षार कुठून यायचा, भांडी कशानं धुवायचे. नाना आठवून आठवून सांगत होता. त्यात वावगं काहीच नव्हतं. शेवटी सर म्हणाले, "आन् नाना, डिस्टिल पानी कसावर काढेत?"

"त्या मोठा तांबाना यंत्रवर. दुसरं काय व्हतं तवय?"

सरांनी कप खाली ठेवला. "त्याले मजारतीन कल्हई व्हती ना?"

"व्हती. पन ती कवयनीच निंघी जायेल व्हती. मजार बठ्ठं लाल दखाये. मी साहेबले दोनदा सांगं. साहेब म्हने, बजेट नही, पुढला साले दखूत." नानानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "काय व्हयनं रे? मनं काही चुकनं का?"

"नही नाना," सर म्हणाले. "तुमनं काहीच चुकनं नही."

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. पण दिसत होतं ते एकच. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात उकळणारं पाणी. त्या पाण्यात उतरलेलं कणभर तांबं. लिटरमागं काहीच नाही म्हणा. पण दोन लिटर आटवून पेलाभर केलं की ते सगळं त्या पेलाभरात. आणि त्या रेणूला जस्त आणि तांबं एकदम समोर दिलं, तर तो जस्ताला सोडून तांब्याला धरतो. हा नियम ते दर वर्षी टी.वाय.ला फळ्यावर लिहून देत. तांबं निळं. तांबं जंतू मारतं. आणि तांब्याचा अणुभार जस्ताच्या इतका जवळ, की त्या काळच्या पृथक्करणात दोघांतला फरक दिसलाच नसता.

घरी न जाता ते थेट कॉलेजात गेले. दुपारचे तीन वाजले होते, वॉचमननं कुलूप उघडून दिलं. कपाटाच्या वरच्या खणात ती जुनी बाटली होती, तळाला चमचाभर निळी पूड उरलेली. त्यांनी त्यातले चार कण परीक्षानळीत घेतले, नायट्रिक आम्लात उकळून विरघळवले, पाणी घातलं. मग अमोनियाची बाटली उचलली. ही पहिल्या वर्षाच्या मुलांची परीक्षा. जस्त असेल तर अमोनिया जास्त झाल्यावर द्रावण स्वच्छ, बिनरंगी; तांबं असेल तर गर्द निळं. सव्वीस वर्षं त्यांनी ती शिकवली होती, आणि स्वतःच्या संयुगावर कधी करून पाहिली नव्हती. कशाला करतील? आत जस्त आहे हे तर ठाऊकच होतं.

एक थेंब, दोन थेंब, पाच. द्रावण गढूळ झालं. मग एकाएकी निवळलं आणि शाईसारखं गर्द निळं झालं.

सर स्टुलावर बसले. नळी हातातच होती. वॉचमन दोनदा डोकावून गेला.

त्या संध्याकाळी त्यांनी दिपमालाला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग अठरा तारीख जाऊ द्या. मी खोटं बोला म्हणत नाही. एक आठवडा बोलू नका, एवढंच म्हणते. पंचवीस वर्षं थांबलं, आठ दिवस थांबेल. तुम्ही काही चोरी केली नाही. भांड्याची कल्हई गेली, त्यात तुमचा काय दोष?"

सरांना ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. सोमवारी त्यांनी ममताला फोन केला. चूक तुझी नव्हती, हे त्यांना फोनवर सांगवेना, म्हणून नुसतं ये म्हणाले. वडिलांची समजूत घालून ती आली. सरांनी परीक्षानळी तिच्या समोर धरली. तिनं निळा रंग पाहिला आणि तिला कुठलंच आश्चर्य वाटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"ऑक्टोबरात वाटलं होतं सर. मी आपल्या साध्या जस्तात मुद्दाम थोडं तांबं घालून पाहिलं होतं. निळं आलं, तुमच्या थिसिसमधल्या फोटोतल्यासारखं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही सर. पुन्हा कर म्हणालात."

सरांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. अर्ज ड्रॉवरमधून काढून तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, फाडला मात्र नाही. घडी करून पर्समध्ये ठेवला.

अठरा तारीख आली. समितीत पाच जण होते. बाहेरून आलेल्या एक बाई, विषयतज्ज्ञ, पांढरे केस आखूड कापलेल्या. पहिली वीस मिनिटं गुणांच्या तक्त्यात गेली. इतके निबंध, इतके विद्यार्थी, इतक्या कार्यशाळा. निळ्या जस्ताचं नाव अध्यक्षांनी घेतलं आणि कौतुकानं पान उलटलं. आणखी दहा मिनिटं, मग झालं. ते स्वतःला बजावत होते, काही बोलू नकोस.

तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "भामरे सर, तुमच्याकडं एक पीएचडीची विद्यार्थिनी आहे. पावरा. दोन वर्षांत तिचा एकही निबंध नाही. तिची प्रगती का थांबली आहे?"

प्रश्न साधा होता. उत्तरही तयार होतं. हुशार आहे, पण प्रायोगिक कौशल्य कमी पडतं. गाइड लोक असं शंभर वेळा म्हणतात आणि कुणी पुढं विचारत नाही. सरांनी तोंड उघडलं. खाज्यांचं जमिनीकडं पाहणं त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि ते वाक्य काही केल्या बाहेर पडेना.

"ती थांबली नाही, मॅडम," ते म्हणाले. "मी तिला थांबवलं. मी तिच्याकडून जे पुन्हा करून मागत होतो, ते होणारच नव्हतं. माझं काम चुकलेलं आहे."

अध्यक्ष म्हणाले, "भामरे सर, विचार करून बोला. हे नोंदीत जाईल."

"जाऊ द्या, सर."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाणी, कल्हई, तांबं. दोन हजार एक सालचं पांढरं भांडंही सांगितलं. ते सांगताना मात्र त्यांची जीभ दोनदा अडखळली. बाई शेवटपर्यंत लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "परीक्षकांनी तेव्हा रंगाबद्दल विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं."

आठवड्यानं पत्र आलं. या फेरीत शिफारस नाही. सरांनी तोवर नियतकालिकाला कळवलं होतं, निबंध मागे घ्यावा म्हणून. तोही मागे घेतला गेला, आणि त्यावर उभे असलेले तीनही. कॉलेजात बोलणी सुरू झाली. झिंक सरांचं तांबं झालं, असं कुणीतरी स्टाफरूममध्ये म्हणालं आणि सगळे हसले. सर आत शिरले तेव्हा हसणं थांबलं, ते जास्त लागलं.

मग खरी कसोटी आली. कुणीतरी निनावी तक्रार केली की ज्या थिसिसचा पायाच चुकीचा, ती पीएचडी रद्द करावी. विद्यापीठानं चौकशी समिती नेमली. पीएचडी गेली असती तर गाइडशिप गेली असती, कदाचित नोकरीही. चार वर्षं उरलेली असताना. आठ महिने ते पोस्टमनची वाट पाहत आणि तो दिसला की स्वतः फाटकापर्यंत जात. दिपमाला त्या आठ महिन्यांत 'मी सांगत होते' असं एकदाही म्हणाली नाही. पण त्यांच्याशी नीट बोललीही नाही.

ममता मात्र रोज सकाळी नऊला यायची. तिनं जस्तात तांब्याचं प्रमाण थेंबाथेंबानं वाढवत नेलं आणि कुठल्या टप्प्याला रंग येतो, कुठं जंतू मरतात, ते मोजलं. तो निबंध तिच्या नावानं निघाला. सरांनी स्वतःचं नाव दुसरं लिहिलं होतं. छापून आल्यावर ममतानं फोटोकॉपी काढून वडिलांना नेली. खाज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी मुलीचं नाव कुठं आहे ते विचारून घेतलं, आणि ममताच्या आईनं, चमेलीबाईनं, तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. सर शब्द दिल्याप्रमाणे आधीच त्या घरी जाऊन आले होते. त्या दिवशी खाज्या फार बोलले नव्हते, पण बस स्टॉपपर्यंत पोचवायला आले होते.

समितीचा निकाल फेब्रुवारीत आला. चूक प्रामाणिक होती, फसवणूक नव्हती. थिसिसला दुरुस्तीची पुरवणी जोडावी. पदवी कायम. पण दोन हजार एकचा प्रयोग दडवून ठेवल्याबद्दल लेखी समज, सेवापुस्तकात नोंद. प्रोफेसरपदाचा पुढचा अर्ज तीन वर्षांनी, म्हणजे निवृत्तीच्या तोंडावर. सरांनी पत्र दोनदा वाचलं. दिपमालाला दिलं. तिनं वाचलं आणि "झालं एकदाचं" म्हणून देवापुढं ठेवलं. कितीतरी महिन्यांनी तिनं त्यांना, भाजीत मीठ बरोबर आहे का, असं विचारलं.

रविवारी ते धुळ्याला गेले. नानाच्या मुलाकडून त्यांना कळलं होतं की म्हातारा गेले आठ महिने झुरत होता. आपण त्या यंत्राचं सांगितलं आणि हिलालचं वाटोळं झालं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. ओट्यावर तो होता तसाच बसलेला, पण अंगानं निम्मा झालेला. सरांनी शेजारी बसून सगळं सांगितलं. नानाला समितीचं, पुरवणीचं काही कळलं नाही. त्यानं मधेच हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे. डिग्री ऱ्हायनी का तुनी?"

"ऱ्हायनी, नाना."

"आन् ती पोर? जिनं पकडं ते?"

"ती पुढला साले डॉक्टर व्हई."

नानानं घरात तोंड करून सुनेला हाक मारली, "सुनंदा, एक ताट वाढाय. हिलाल जेवीसन जाई."